वहीत सापडलेली यादी

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मी ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. मुलगी यंदा दहावीला. अभ्यासात बरी आहे, पण गेलं वर्षभर तिला वाचनाचं वेड लागलंय. पुस्तकं कुठली, तर खुनाची, नाहीतर जंगलात-बर्फात अडकलेल्या माणसांची. ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’चे तिन्ही भाग झाले, ‘हंगर गेम्स’ झालं, आता मंगळावर अडकलेल्या माणसाचं चालू आहे. रात्री एक-दीडपर्यंत दिवा. सासूबाई म्हणतात, पोरीच्या डोक्यात हे काय भरतंय. ह्यांचं म्हणणं, बोर्डाची परीक्षा होईपर्यंत सगळी पुस्तकं कपाटात घालून कुलूप लावू.

मागच्या आठवड्यात तिची खोली आवरताना उशीखाली एक वही सापडली. एका पानावर लिहिलं होतं : ‘हवा ३ मिनिटं, आसरा ३ तास, पाणी ३ दिवस, अन्न ३ आठवडे.’ खाली : ‘शिट्टी, दोरी, काडेपेटी, ओआरएस, ५०० रु. सुटे.’ आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून : ‘कोणाला न सांगता निघाला!!’ माझ्या पोटात गोळाच आला. त्यात ती मैत्रिणींबरोबर येऊरच्या जंगलात जायचं म्हणून मागे लागली आहे. घर सोडून जायचा विचार तर नसेल? वही होती तशी ठेवली, कोणालाच काही बोलले नाही. पण तेव्हापासून तिची बॅग तपासते, ती अंघोळीला गेली की फोन बघते.

ही असली पुस्तकं मुली का वाचतात? मी स्वतः २६ जुलैच्या पुरात कुर्ल्याच्या ऑफिसात रात्र काढून दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत ठाण्याला आले. जीव वाचवायच्या गोष्टी पुस्तकात वाचायची हौस मला तरी कधी झाली नाही. पुस्तकं बंद करू का?
— एक आई, ठाणे (प.)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. पुस्तकं बंद करू नका, आणि कुलूप तर मुळीच नको. कुलपात ठेवलेली गोष्ट या वयाची मुलं मैत्रिणीकडून नाहीतर फोनवर मिळवतात, आणि मग ती काय वाचतात हे कळायची वाटच बंद होते. आज निदान पुस्तक टेबलावर पडलेलं असतं, नाव तुम्हाला दिसतं. म्हणूनच तर तुम्ही मला ती नावं लिहून पाठवू शकलात.

आता वहीकडे येऊ. तुम्ही घाबरलात यात नवल नाही. उशीखाली वही, तिच्यात दोरी आणि पैसे, आणि खाली ते वाक्य. कुठलीही आई हबकेल. पण तीच यादी माझ्याबरोबर पुन्हा एकदा वाचा.

हवा, आसरा, पाणी, अन्न हा ‘तीनचा नियम’ आहे. डोंगरात भटकणाऱ्यांना तो सुरुवातीलाच शिकवतात. हवेशिवाय माणूस साधारण तीन मिनिटं काढू शकतो, कडाक्याच्या थंडीत आडोशाशिवाय तीन तास, पाण्याशिवाय तीन दिवस आणि अन्नाशिवाय तीन आठवडे. आकडे ढोबळ आहेत, महत्त्वाचा आहे तो क्रम. रानात वाट चुकलेला माणूस भुकेने कासावीस होऊन आधी खायला शोधत सुटतो, तेव्हा त्याने खरं तर आधी अंग कोरडं ठेवायची सोय बघायला हवी असते. शिट्टीचंही तसंच. ओरडून घसा बसतो, शिट्टी मात्र फुंकर असेपर्यंत वाजते आणि लांब ऐकू जाते. लागोपाठ तीन शिट्ट्या म्हणजे ‘मदत हवी’. घर सोडून निघायच्या तयारीतल्या मुलीने कपड्यांचे दोन जोड लिहिले असते, चार्जर लिहिला असता, कुणाचा तरी पत्ता किंवा गाडीची वेळ लिहिली असती. तुमच्या लेकीने जे लिहिलंय ती भटकंतीला जाणाऱ्याची पिशवी आहे.

आणि ज्या ओळीने तुमची झोप उडवली, ती तर नीट बघा. ‘निघाला’ लिहिलंय तिने. कुणीतरी मुलगा किंवा बाप्या निघाला, तोही पूर्वी कधीतरी, आणि पुढे दोन उद्गारचिन्हं आहेत. कुणीतरी केवढा मूर्खपणा केला असं वाटून माणूस लिहितो तसं ते मला दिसतं. अशा पुस्तकांमध्ये ही चूक पुन्हा पुन्हा येते, कारण खऱ्या आयुष्यातही ती येते. २००३ साली आरन राल्स्टन नावाचा अमेरिकन गिर्यारोहक यूटामधल्या एका अरुंद घळीत एकटाच उतरला. आपण कुठे चाललोय हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. एक मोठा दगड सरकला आणि त्याचा हात त्याखाली चिरडून अडकला. पाच दिवस उलटले तरी कोणी शोधत आलं नाही, कारण कुठे शोधायचं हेच कोणाला माहीत नव्हतं. शेवटी स्वतःचा हात स्वतः कापून तो सुटला. अशी हकीकत वाचलेल्या मुलीने ‘कोणाला न सांगता निघाला!!’ याखाली दोन रेघा मारल्या, तर तिला काय कळलंय ते उघड आहे. आणि येऊरला जायचंय तर ती तुमच्याच मागे लागली आहे, हेही तुम्हीच लिहिलंय.

म्हणजे डोळे मिटून निश्चिंत व्हा असं मी म्हणत नाही. वहीतल्या एका पानाकडे बघत बसण्यापेक्षा मुलीकडे बघा. ती जेवते का, मैत्रिणींशी बोलते का, पूर्वी आवडायच्या गोष्टी एकदम सोडून दिल्यात का, ‘मी नसले तरी काय फरक पडतो’ अशा छापाचं काही बोलते का, स्वतःच्या आवडत्या वस्तू वाटून टाकते का. यातलं काही दिसलं तर तिला थेट विचारा, अगदी स्पष्ट शब्दांत, ‘तुझ्या मनात जीव द्यायचा किंवा निघून जायचा विचार येतो का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती अनाठायी आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं बोलती होतात. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरावर चोवीस तास असते, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. पालकही फोन करू शकतात. तुमच्या पत्रात मला असं कुठलंही लक्षण दिसलं नाही. मला दिसली ती वाचनात बुडालेली आणि टिपणं काढणारी मुलगी.

टिपणांची सवय कुठून आली असेल तेही सांगते. ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ हे हॉली जॅक्सन यांचं पुस्तक २०१९ साली आलं. इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातली शाळकरी मुलगी, पिप तिचं नाव, शाळेच्या प्रोजेक्टसाठी पाच वर्षांपूर्वीचं एक खुनाचं प्रकरण उकरून काढते. गावाने आणि पोलिसांनी सॅल सिंग नावाच्या भारतीय वंशाच्या मुलाला खुनी ठरवून फाइल बंद केलेली असते. पिपला ते पटत नाही. ती सॅलच्या धाकट्या भावाला सोबत घेते, लोकांना भेटते, कोण काय म्हणालं ते उतरवून काढते, संशयितांच्या याद्या करते. या नोंदी पुस्तकात जशाच्या तशा छापल्या आहेत. तुमच्या लेकीच्या हातात वही आली ती बहुतेक इथूनच. आणि त्या कथेच्या गाभ्याशी काय आहे ते बघा. सगळ्या गावाने एका मेलेल्या मुलावर आरोप ठेवून हात झटकले, आणि एक मुलगी म्हणाली, मला पुरावा दाखवा. पंधराव्या वर्षी हे वाचावंसं वाटणं ही मला फार चांगली खूण वाटते.

तिसरा भाग मात्र वेगळा आहे. तो २०२१ साली आला आणि पहिल्या दोन्हींपेक्षा खूप काळोखा आहे. तिथे पिपवरच कुणीतरी पाळत ठेवतं, आणि पुढे ती असं काही करते की वाचणाऱ्याला तिची बाजू घेणं अवघड जातं. शेवट सांगत नाही. पण लेकीशी बोलायचं कुठून, हा प्रश्न पडला असेल तर इथून सुरुवात करा. तिला विचारा, ‘पिपने शेवटी केलं ते तुला पटलं का?’ हा प्रश्न विचारायला तुम्ही पुस्तक वाचलेलं असायला हवं हे खरं. वाचाच. ऐरोलीला रोज जायला-यायला तुम्हाला जो वेळ लागतो त्यात होईल.

आता तुमचा मोठा प्रश्न, मुली हे का वाचतात.

पंधरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात जवळपास सगळं दुसऱ्याने ठरवलेलं असतं. क्लास कुठला, उठायचं कधी, सायन्स की कॉमर्स, टक्के किती. तिला विचारलं तरी अपेक्षित उत्तर आधीच ठरलेलं असतं. अडकलेल्या माणसाच्या गोष्टीत तसं नसतं. तिथे कोणीच सांगायला नाही आणि प्रत्येक निर्णयाचा परिणाम पुढच्या पानावर दिसतो. तिच्या हातात सध्या असलेलं पुस्तक बहुधा अँडी वीअर यांचं ‘द मार्शियन’ असणार. त्यातला मार्क वॉटनी मंगळावर एकटा राहिला आहे, सोबतचे त्याला मेलेला समजून निघून गेलेत. तो मुळात वनस्पतीशास्त्रज्ञ आणि इंजिनिअर. तो रडत बसत नाही. आधी मोजदाद करतो, अन्न किती, पाणी किती, दिवस किती. मग मंगळाच्या मातीत माणसाची विष्ठा मिसळून बटाटे लावतो. एक अडचण सुटली की दुसरी उभी राहते, आणि तो पुन्हा गणित मांडतो. दहावीच्या गणित-विज्ञानाचा उपयोग काय, असा प्रश्न पडलेल्या मुलीला याहून चांगलं उत्तर शाळेत कुठे मिळणार? अर्थात हे मार्क वाढवायचं पुस्तक म्हणून तिला विकू नका, नाहीतर हातातलं खाली ठेवून देईल.

रहस्यकथेत ओढ वेगळी असते. तिथे एक गोष्ट बिघडली आहे, सगळे काहीतरी लपवतायत, आणि तरीही शांतपणे बघत गेलं तर खरं काय ते कळतं, असा भरवसा असतो. मोठी माणसं आपल्यापासून बरंच काही लपवतात हे या वयात नुकतंच ध्यानात आलेलं असतं. घरातले आवाज मध्येच खाली येतात, आपण खोलीत शिरलो की विषय बदलतो. अशा वेळी ही गोष्ट हवीशी वाटते.

मला सगळ्यात जास्त काही सांगायचं आहे ते तुमच्या पत्रातल्या एका ओळीबद्दल. ती तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत, २६ जुलैची.

त्याआधी दोन खऱ्या हकीकती. २४ डिसेंबर १९७१ ला पेरूमध्ये एक विमान वादळात सापडलं, वीज पडून हवेतच फुटलं. विमानात ब्याण्णव माणसं होती. जिवंत राहिली एकटी युलियाने कोपके, वय सतरा. खुर्चीला पट्ट्याने बांधलेली ती सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून ॲमेझॉनच्या जंगलात पडली. चष्मा गेलेला, गळ्याजवळचं हाड मोडलेलं, दंडाला जखम, पायात एकच सँडल. खायला एक मिठाईच्या गोळ्यांची पिशवी तेवढी सापडली. ती अकरा दिवस चालली आणि माणसांपर्यंत पोचली. कशी? तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ होते, जंगलातल्या संशोधन केंद्रावर ती त्यांच्याबरोबर राहिली होती. पाण्याचा झरा दिसला की त्याच्या उताराने चालत राहायचं, झऱ्याचा ओढा होतो, ओढ्याची नदी होते आणि नदीकाठी माणसं असतात, हे वडिलांनी शिकवलेलं तिला आठवलं. जखमेत अळ्या पडल्या होत्या. नदीकाठी एक होडी आणि तिच्या इंजिनाचं इंधन मिळालं, ते तिने जखमेवर ओतलं. घरच्या कुत्र्याच्या जखमेवर वडिलांना तसंच करताना तिने पाहिलं होतं.

दुसरी हकीकत अलीकडची. १ मे २०२३ ला कोलंबियाच्या जंगलात एक छोटं विमान कोसळलं. तिन्ही मोठी माणसं गेली, त्यात मुलांची आईही होती. चार भावंडं उरली, सगळ्यात थोरली तेरा वर्षांची मुलगी आणि धाकटं अकरा महिन्यांचं बाळ. चाळीस दिवसांनी चौघंही जिवंत सापडली. विमानातलं कसाव्याचं पीठ काही दिवस पुरलं, पुढे रानातली फळं आणि बिया. कुठलं फळ खायचं, कुठल्याला हात लावायचा नाही, हे त्या थोरलीला घरच्यांनी, विशेषतः आजीने शिकवलेलं होतं.

कादंबऱ्याही हेच धरून असतात. ‘हंगर गेम्स’मधली कॅटनिस तग धरते, कारण वडिलांनी तिला धनुष्य धरायला आणि रानातली कंदमुळं ओळखायला शिकवलं. वडील गेलेले आहेत, शिकवलेलं राहिलंय.

आणि तुमच्या घरात अशी एक आई आहे जी २६ जुलै २००५ ला कुर्ल्यात अडकली. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. लोकल बंद, रस्ते पाण्याखाली, बहुतेक फोन लागत नव्हते. ती रात्र तुम्ही काढलीत आणि दुसऱ्या दिवशी विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड करत चालत घरी आलात. पत्रात या सगळ्याला तुम्ही दीड वाक्य दिलंय, तेही लेकीच्या वाचनाबद्दल तक्रार म्हणून. ही हकीकत तिला कधी सांगितलीत? ‘आमच्या वेळी आम्ही चालत आलो’ एवढंच सांगितलं असेल तर ते सांगणं नव्हे. नीट सांगा. ऑफिसात किती जण होतात, कोणी जायचं आणि कोणी थांबायचं हे कसं ठरलं. रात्री खायला काय होतं. बायकांसाठी बाथरूमची सोय काय होती. घरी कळवलं कसं, की कळवताच आलं नाही. पायात काय होतं, चपला की बूट, आणि रुळांमधल्या खडीवर त्यांचं काय झालं. बरोबर कोण चालत होतं. वाटेत कुणी चहा-बिस्किटं दिली का. कुठल्या क्षणी वाटलं की आता होणार नाही. मध्येच कुठे पाण्यात पाय घालायची वेळ आली तेव्हा आधी काय बघितलंत. ही माहिती कोणत्याच पुस्तकात नाही, आणि ती तुमच्या लेकीच्या उपयोगाची आहे, कारण तिला याच गावात राहायचंय, याच लोकलने जायचंय. या जिल्ह्यात पाणी दर पावसाळ्यात कुठे ना कुठे चढतं. २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं, हे तुमच्या लेकीलाही आठवत असेल.

सांगताना एक पथ्य पाळा. शेवटी बोध जोडू नका. ‘म्हणून तू आता अभ्यास कर’ असं एक वाक्य आलं की ती उठून जाईल, आणि तिचं बरोबर असेल. भीती वाटली होती तर भीती वाटली असं सांगा. तुम्ही रडला असाल तर तेही सांगा. ती प्रश्न विचारेल. तिच्या वहीत तुमच्या नावाचं पान निघालं तर मला आनंद होईल.

पण त्याआधी एक अवघड काम आहे. तुम्ही वही वाचलीत हे तिला सांगावं लागेल.

रोनाल्ड नॉक्स नावाचे एक इंग्रज धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहायचे. १९२९ साली त्यांनी अशा कथांचे दहा नियम मांडले. त्यातला एक असा की डिटेक्टिव्हला जो धागा सापडेल तो त्याने ताबडतोब वाचकासमोर ठेवायला हवा, हातचा राखून चालणार नाही. आज तुम्ही नेमकं हातचं राखताय. तिच्याबद्दल तुमच्याकडे संशय आहे, पुरावा म्हणून एक पान आहे, बॅग आणि फोन तपासून आणखी शोध चालू आहे, आणि जिच्याबद्दल हे सगळं आहे तिला पत्ता नाही. रहस्यकथांची मुरलेली वाचक रोज तुमच्या घरात वावरते, तिला बॅगेची चेन अर्धवट लागलेली दिसणार नाही असं वाटतं का तुम्हाला? तिला स्वतःहून कळलं तर ती वही बदलेल, पासवर्ड बदलेल, आणि मग येऊरला जाताना विचारणारही नाही. त्यापेक्षा तुम्ही सांगा. घरात सगळे असताना नको, जेवणाच्या टेबलावर नको. दोघीच असताना, कपडे घड्या करताना किंवा बाहेर चालताना, जिथे एकमेकींच्या डोळ्यांत बघायची सक्ती नसते. सरळ म्हणा, ‘तुझी खोली आवरताना मला एक वही सापडली, मी उघडली. मी विचारायला हवं होतं. त्यातली यादी वाचून मी घाबरले, तू कुठे निघून जातेस की काय असं वाटलं. ती कशाची आहे, मला सांगशील?’ मग गप्प राहा. ती चिडेल. चिडू द्या. दार आपटलं तर आपटू द्या. दुसऱ्या दिवशी यादी कशाची आहे ते ती सांगेल. बॅग तपासणं त्याच दिवसापासून बंद, आणि ते बंद केलंय हेही तिला सांगा.

रात्रीच्या दिव्याबद्दल तुमची आणि तिच्या बाबांची काळजी रास्त आहे. दीड वाजता झोपून सकाळी शाळेला उठणारी मुलगी दहावीचं वर्ष धड काढू शकणार नाही. पण दोष पूर्ण तिचा नाही. या कादंबऱ्यांची प्रकरणं लिहिलेलीच तशी असतात. दर प्रकरणाच्या शेवटच्या दोन ओळींत नवं दार उघडतं, आणि ‘हे प्रकरण संपवून झोपते’ म्हणणारा वाचक पुढच्या प्रकरणात ओढला जातो. यावर साधा इलाज आहे. प्रकरण संपायची वाट न बघता मध्येच, परिच्छेदाच्या शेवटी थांबायचं. तिथे ओढ कमी असते, पुस्तक मिटणं जमतं. हे तिला नियम म्हणून सांगू नका, वाचणाऱ्याने वाचणाऱ्याला सांगावं तसं सांगा. फोनवर वाचत असेल तर तेवढं मात्र बंद करा, रात्री कागदी पुस्तकच. दिवा किती वाजता मालवायचा ते तिच्याशी बोलून ठरवा, आणि शनिवारी सूट द्या. प्रीलिमच्या आसपास ती आपोआप कमी वाचेल. नाहीच केलं तर तेव्हा बघू, आत्तापासून कुलूप कशाला.

काय वाचू द्यावं याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. खून आहे म्हणून पुस्तक वाईट होत नाही. कोडं सोडवण्याचा आनंद देणारं पुस्तक आणि कुणाला तरी होणाऱ्या यातना रंगवून त्यावर वाचकाला बांधून ठेवणारं पुस्तक, हा फरक मी करते. सध्या नवरा-बायको, बंद खोली, मारहाण, कैद अशा मोठ्यांसाठीच्या थ्रिलरांचा सुकाळ आहे, आणि त्यांची मुखपृष्ठं शाळकरी मुलांच्या पुस्तकांसारखीच दिसतात. असं एखादं हाती दिसलं तर हिसकावू नका. ‘मला पण दे, आधी मी वाचते’ म्हणा. पन्नास पानांत तुम्हाला अंदाज येईल, आणि नको वाटलं तर का नको ते तुम्ही पानावर बोट ठेवून सांगू शकाल.

दोघींनी मिळून वाचायला मी सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री मालिका सुचवेन. पहिलं पुस्तक २०१८ चं, गोष्ट १९२१ च्या मुंबईतली. परवीन ही वकील झालेली पारशी तरुणी. मलबार हिलवर पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा वारसाहक्क सोडून देताहेत, तेव्हा तिला शंका येते. पुरुष वकिलाला त्या घराच्या आतल्या भागात जाता येत नाही, हिला येतं. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेली पहिली स्त्री, कॉर्नेलिया सोराबजी, यांच्या कामाचा धागा या व्यक्तिरेखेमागे आहे. परवीनच्या स्वतःच्या लग्नाची कहाणी त्यात येते आणि ती बोचरी आहे, म्हणूनच आई सोबत वाचत असलेली बरी. दुसरं, वसीम खान यांचं २०२० चं ‘मिडनाइट ॲट मलबार हाउस’. १९४९ सालची शेवटची रात्र, मुंबई, आणि देशातली पहिली महिला पोलिस इन्स्पेक्टर म्हणून रंगवलेली पर्सिस वाडिया. पुरुष सहकारी तिला कोपऱ्यात बसवू पाहतात, ती बसत नाही.

फक्त तुमच्यासाठी एक. जेन हार्पर यांचं २०१७ चं ‘फोर्स ऑफ नेचर’. ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीच्या पाच बायका ऑफिसच्या शिबिरासाठी जंगलात पाठवल्या जातात आणि चारच परत येतात. रहस्य आणि तग धरणं दोन्ही त्यात आहे, आणि ऑफिसातल्या हेव्यादाव्यांचं चित्रण इतकं नेमकं आहे की अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या बाईला तर ते नक्की ओळखू येईल.

मराठी मागे पडू देऊ नका. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादात मिळतो, मजकूर स्वच्छ आणि वेगवान आहे, मुलीला इंग्रजीतून मराठीत यायला सोपा जाईल. सासूबाईंना विचारा, त्यांच्या घरी बाबूराव अर्नाळकर वाचले जायचे का. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्यांनी, झुंजार आणि काळापहाड ही नावं त्या पिढीतल्या किती घरांत रोजच्या बोलण्यात होती. आजीच्या तोंडून झुंजार ऐकल्यावर नात तिच्याशी वेगळ्या नात्याने बोलू लागेल, आणि ‘पोरीच्या डोक्यात काय भरतंय’ हा सूरही थोडा उतरेल. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे. तिथे लेकीला घेऊन जा आणि सभासदत्व तिच्या नावाने काढा, कार्ड तिच्याकडे राहू द्या.

राहता राहिलं येऊर. जाऊ द्या, पण पाच मैत्रिणी आणि मोठं कोणी नाही असं नको. पहिल्या खेपेला जाणकार ट्रेकर्सच्या गटाबरोबर किंवा एखाद्या पालकाबरोबर. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबळ्यांचं आहे, संध्याकाळ व्हायच्या आत बाहेर पडायलाच हवं. आत कुठवर आणि किती वाजेपर्यंत जाता येतं ते वनखात्याच्या चौकीवर आधी विचारून घ्या. पावसाळ्यात ओढ्यात उतरायचं नाही, सेल्फीसाठीही नाही. आणि बेत तिलाच आखायला सांगा. कोण कोण जाणार, कुठल्या वाटेने, परत किती वाजता, उशीर झाला तर कोणी कोणाला फोन करायचा, हे सगळं तिने एका कागदावर लिहून तुम्हाला आणि तिच्या बाबांना द्यावं. बाबांनी तो कागद वाचून शंका विचाराव्यात आणि तिने उत्तरं द्यावीत. उत्तरं पटली तर शनिवार ठरवून टाका.